अर्ध्या दिवसाचं काम

माझी पिकअप अर्ध्या दिवसात खाली आली असती. मला ते माहीत होतं, आणि तरी त्या वर्षी आगोट संपेपर्यंत मी ती उंचच ठेवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. गाडी नंतर खाली का केली, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी डिझेलचं कारण सांगत आलो. ते कारण खोटं नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

पुन्हा आगोट आली आहे. पावसाचे महिने निघतील एवढं घरात भरून ठेवायचे हे दिवस. पनवेलच्या मासळीबाजाराबाहेर बायका सुक्याच्या टोपल्या मांडून बसल्यात. सोडे, जवळा, वाकट्या, बोंबलांच्या जुड्या. ज्यांच्या घरात हा वास नाही त्यांना तो सहन होत नाही. नव्या सोसायट्यांतली माणसं नाकाला रुमाल लावून पलीकडच्या कडेनं जातात. मला लहानपणापासून या वासानं भूक लागायची. आता लागत नाही. आता हा वास आला की कण्यात खालून एक दणका बसतो, रिकामी गाडी स्पीडब्रेकरवरून मागून उडावी तसा.

मी पनवेलच्या कोळीवाड्यातला. वडील खाडीत जायचे, आई बाजारात बसायची. मी कॉलेज केलं, तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं, आणि कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. मग पिकअप घेतली. पहाटे निघायचं, उरणच्या पुढे करंज्याच्या बंदरावर लिलाव गाठायचा, मासळी बर्फात भरायची आणि बाजार उघडायच्या आत पनवेलला यायचं. करंजा माझ्या आईचं माहेर. म्हणजे मी रोज माझ्या आजोळी जात होतो, आणि आई घरी होती.

गाडी उंच करायचं कारण सुरुवातीला अगदी सरळ होतं. उधाणाच्या भरतीला बंदराजवळच्या रस्त्यावर खारं पाणी यायचं आणि मला पाणी ओसरेपर्यंत थांबावं लागायचं. शिवाय बर्फासकट माल भरला की मागची चाकं बॉडीला घासायची. पण खरं सांगायचं तर बंदरावर येणाऱ्या सगळ्या पोरांनी आपापल्या गाड्या उंच केल्या होत्या आणि त्यांच्या रांगेत माझी गाडी बसकी दिसायची. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं, हे कळत होतं. तरी केली. गॅरेजवाल्या सलीमभाईनं मागे दोन पाटे वाढवले, म्हणजे चाकांवर लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते तिच्यात अजून दोन पट्ट्या घातल्या. पाट्यांखाली ठोकळे दिले, टायर मोठे चढवले. केबिनच्या टपावर लोखंडी कॅरिअर आणि दिव्यांची पट्टीही लावली.

"आता समंदरात घाला," सलीमभाई म्हणाला. "फक्त माझ्या नावानं नका घालू."

बाजारात गाडी पहिल्यांदा आली तेव्हा हिराबाय, आईच्या शेजारी आयुष्यभर बसलेली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आगो, याचा तं इमान झाला. शिडी कवा लावनार हाय?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. मला बरं वाटलं होतं.

उंच गाडीचं एक असतं. भरलेली असताना ती राणीसारखी चालते. पाटे ओझ्यासाठी घातलेले, ओझं आलं की ते दबतात, आणि दबतात म्हणून दणका गिळतात. रिकामी असताना मात्र ते दबतच नाहीत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर, सीटमध्ये, माणसाच्या पाठीत येतो. आणि माझी गाडी जाताना रिकामी असायची. पनवेलहून करंज्याला जाताना रिकामे क्रेट थडथडत, मागचा भाग नाचत. येताना शांत. यात मला तेव्हा काही खटकलं नाही, कारण येताना माल सोबत असायचा आणि जाताना मी एकटा. एकट्याच्या पाठीला काय होतंय.

डिझेल दुसऱ्या बाजूनं जात होतं. मोठं टायर जड, ते फिरवायला जोर लागतो. गाडी वर उठली की तिच्या पोटाखाली वारा शिरतो, टपावरचा कॅरिअर वारा धरतो. पूर्वी एका टाकीत आठवडा निघायचा, आता पाचव्या दिवशी पंप. त्यात मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि ते मीटरला कळत नाही. मीटर कमी दाखवायचं, गाडी जास्त धावलेली असायची. म्हणजे नक्की किती जळतंय याचा हिशेबही धड लागेना. मी तो लावायचा प्रयत्न फारसा केलाही नाही.

आईचं डायलिसिस त्या आगोटीच्या आदल्या पावसाळ्यात सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कामोठ्याला जायचं, चार तास ती खाटेवर, मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिच्या डाव्या हातात शिरा जोडून जागा केलेली. तिथे तळवा ठेवला की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. रोज सकाळी तिथे हात ठेवून ती थरथर आहे ना ते बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते काम माझ्याकडे. बंदरावरून आलो की हातपाय धुऊन आधी आईचा हात हातात घ्यायचा. कधी घाईत मला काहीच लागायचं नाही, मग मी डोळे मिटायचो आणि मग लागायचं. ती तोवर माझ्या तोंडाकडे बघत असायची.

"हाय काय?"

"आहे."

"मंग जगली म्हनायची."

कामोठ्याला जायला आम्ही रिक्षा करायचो. गाडी उंच झाल्यापासून पिकअपमध्ये चढणं तिला जमत नव्हतं.

आता आगोटीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आई आणि जनीमावशी या दोघीच बहिणी. मावशी धाकटी, लग्नानंतरही करंज्यालाच राहिलेली. बंदराच्या अंगाला तिच्या वलांड्या होत्या. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, आणि बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्या दोऱ्यांवर वाळत घालतात, त्याला वलांडी म्हणतात. उन्हात लांबून ते पांढरं तोरण दिसतं. त्या दोघींचा आपसातला एक रिवाज होता. वैशाखात मावशी एक पूर्ण दोरी आईच्या नावाची ठेवायची. तो माल मावशी उतरवायची नाही आणि कोणाच्या हाती पाठवायचीही नाही. आईनं यायचं, स्वतःच्या हातानं एकदा तरी ते बोंबील उलटवायचे, मग उतरवायचे, मग घरी न्यायचे. लहानपणी मी आईबरोबर जायचो. दोघी उन्हात दिवसभर बोलायच्या. काय बोलायच्या ते मला कधीच आठवत नाही, फक्त त्यांचे हात आठवतात, दोरीच्या दोन बाजूंनी एकाच चालीनं पुढे सरकणारे. एकदा माझं बोट एका जबड्यात अडकून रक्त आलं तर मावशी म्हणाली, "त्याला भूक लागली असंल, जाऊदे." ते मेलेल्या बोंबलाबद्दल होतं.

डायलिसिस लागल्यावर सुकी मासळी बंद झाली. डॉक्टरांनी मीठ, डाळ, नारळपाणी आणि सुकं यांची नावं एका दमात घेतली. आईनं मान हलवली. पण माघ सरला तशी म्हणाली, "औंदा मना एक दिस करंज्याला सोड. आज सोडशील, उद्या सकाली घेऊन येशील. मधल्या दिवशी सुईपन नाय."

"तुला सुकं बंद आहे, आये. जाऊन काय करणार?"

"खायाला नाय जात मी. उलटवायला जाते."

तिला एकदा नेलीही. त्याच फाल्गुनात, मावशीकडे नुसतं जाऊन येते म्हणाली म्हणून. उलट्या क्रेटवर पाय ठेवून, लुगडं आवरून, माझ्या खांद्याचा आधार घेत ती चढली. रिकामी गाडी. गव्हाणफाट्याच्या अलीकडे कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता उखणून ठेवलेला. पहिल्याच खड्ड्यात ती सीटवरून उचलली गेली. ओरडली नाही. डावा हात उजव्या हातानं छातीशी धरला आणि तसाच धरून करंज्यापर्यंत बसली, लहान मूल कडेवर घ्यावं तशी. मी हळू घेत होतो. हळू घेऊनही फरक पडत नव्हता. एकदा तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "रस्ता खराब हाय." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हात सुजला. डायलिसिसच्या नर्सनं पट्टी सोडून बघितलं आणि म्हणाली, "आजींना कशातून नेलंत? हा हात गेला तर दुसरी जागा कुठून आणणार?" मी गाडीचं सांगितलं. ती नवी पट्टी बांधायला लागली.

त्याच आठवड्यात मी सलीमभाईकडे गेलो होतो. ऑइल बदलायला. मी सहज बोललो की आईला त्रास झाला. तो गाडीखालून निम्मा बाहेर आला.

"अम्मीला न्यायचं हाय तर हे काढू ना. दोन पाटे काढतो, ठोकळे काढतो, उरलेल्या पाट्यांत ग्रीस भरतो, रबरी बुश नवीन टाकतो. तुमचे जुने टायर इथंच पडलेत. सकाळी आणा, दुपारी जोहरच्या नमाजाआधी गाडी घेऊन जा. अर्ध्या दिवसाचं काम. ॲव्हरेज पण सुधरेल, वर दुवा पण मिळेल."

"बघू," मी म्हणालो.

"यात काय बघायचं?"

"माल कमी मावेल."

"दोन क्रेट कमी. अम्मीपेक्षा दोन क्रेट मोठे?"

तो हसत म्हणाला होता, मीही हसलो. गाडी काढून निघालो आणि पुलावर आल्यावर मला कळलं की मी गाडी खाली करणार नाही.

याचं कारण लिहिताना मला अजूनही आडवळणानं जावंसं वाटतं. सरळ लिहितो. पहाटेचा तो प्रवास तेवढाच माझा होता. घरात आईचा हात, तिचं मोजून द्यायचं पाणी, सुनंदाची, म्हणजे बायकोची, ओढाताण. कामोठ्याची प्लास्टिकची खुर्ची. बाजारात हाका. माझं नाव दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या तोंडात असायचं. फक्त करंज्याला जाताना नसायचं. जासईच्या पुढे मिठागरांवर उजाडायला लागायचं, पाण्याचे चौकोन आधी राखाडी आणि मग गुलाबी व्हायचे, गाडी उंच असल्यामुळे ट्रेलरांच्या पलीकडचं सगळं दिसायचं. मोबाइल बंद. गाडी दणके मारायची, दात वाजायचे, आणि मला ते चालायचं. ती गाडी इतकी वाईट चालत होती की तिच्यात माझ्याशिवाय कोणी बसूच शकत नव्हतं. मी तिच्यात कोंडून घेतल्यासारखा बसायचो आणि दार आतून लावलेलं असायचं.

आई शेजारी बसली असती तर बोलली असती. वाईट काही नाही. हे झाड बघ, हा पूल कवा झाला, तुझ्या बाचा मित्र इथं राहायचा. तेवढंच. तेवढंही मला नको होतं.

म्हणून मी आईला म्हणालो, गाडी फेकते. आणि ती फेकत होती.

चैत्र सरला, वैशाख लागला. आई दर दोन दिवसांनी विचारायची. मी सांगायचो, हात सुजेल. एकदा सुनंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "टायर बदलून घ्या की. तिकडे त्यांची बहीण वाट बघते."

"बघतो."

"कधी?"

"आगोट होऊ दे."

"आगोटीसाठीच जायचंय त्यांना," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. सुनंदाला सगळं कळत असावं असं मला कधी कधी वाटतं. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

भाड्याची गाडी करू, असंही मीच एकदा सुचवलं होतं. मला पक्कं माहीत होतं की आई नको म्हणेल. "घरची गाडी रोज बंदरावर जाते नि मी भाड्याच्या गाडीतून माहेरी जाऊ? करंज्यात काय सांगू, पोरानं बसवली नाय?" ती माझीच अब्रू राखत होती. मी ती तिला राखू दिली.

बंदरावर मावशी रोज भेटायची. लिलावाच्या गर्दीतून वाट काढत गाडीपाशी यायची, चाकावर थाप मारायची. "कवढी उंच केलीस रं? माजी बाय कशी चढनार हिच्यात?"

"शिडी बनवतोय, मावशी."

"नायतर पाटीत घालून आन तिला. मासली आनतोस तशी."

पहिल्यांदा थट्टा होती. पुढे पुढे ती चाकाला हात न लावता नुसती उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "ती येत नाय, का तू आनत नाय?"

"डायलिसिस असतं ना, मावशी."

"आज?"

त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हणालो, "आज पण." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दोघी बहिणींची बघायची पद्धत एकच. तेव्हा तिला खोकला होता, थोडं चाललं की दम लागायचा, हे मी पाहिलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही मला उचलावं लागलं असतं.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी जवळ आली तशा वलांड्या रिकाम्या व्हायला लागल्या. आभाळ भरून यायला लागलं की बायका पटापटा माल उतरवतात, बांबू मोकळे करून ठेवतात. मावशीच्याही सगळ्या दोऱ्या उतरल्या. एक सोडून. रोज उजाडता मी बंदरावर उतरायचो तेव्हा त्या रिकाम्या बांबूंच्या रांगांमध्ये ती एक भरलेली दोरी दिसायची. बोंबील कधीच वाळून झाले होते. जास्त वाळले की ते कडक होतात, वाऱ्यानं एकमेकांवर आपटून मोडतात. खाली वाळूत तुकडे पडायचे आणि कावळे उड्या मारत यायचे. मावशी काठी घेऊन त्यांना हाकलत बसलेली असायची. मी तिकडे पाठ करून क्रेट भरायचो.

शेवटच्या दिवशी तिनं पिशवी आणून दिली. आत जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेले बोंबील, वर दोरा.

"घेऊन जा. उलटवले मीच."

"मावशी, अगं, पाऊस लांबला तर पुढच्या आठवड्यात आणतो तिला."

"बंदी लागली. तू कशाला येतोस आता," ती म्हणाली. मग माझ्या हनुवटीला हात लावला. "जा. माल खराब होतोय."

तिला मी पुन्हा जिवंत पाहिलं नाही. बंदीच्या महिन्यांत मी बंदरावर गेलो नाही, पनवेलमध्येच भाजीचं भाडं मारत होतो. एका सकाळी मावशीच्या मुलीचा, रेखाचा, फोन आला. आई पावसाकडे तोंड करून भिंतीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं डोक्यावर पदर घेतला.

त्या दिवशी भाड्याची गाडी लगेच मिळाली. कोपऱ्यावरच उभी होती. मऊ सीटची, बसकी, आई एका पावलात आत बसली. गव्हाणफाट्याचे खड्डे तेच, पण गाडीनं ते गिळले. आई पूर्ण रस्ता बाहेर बघत होती. आम्ही पोचलो तोवर मावशीला उचललं होतं. आई उंबऱ्यात बसली आणि रेखाला म्हणाली, "पाय तरी बघाया मिलाले असते." एवढंच. मला उद्देशून ती काही बोलली नाही, आणि माझी खात्री आहे की त्यात माझ्यावर रोख नव्हता. रोख असता तर मला सोपं गेलं असतं.

ते बोंबील आईनं पिशवी न सोडता फळीवर ठेवून दिले होते. श्रावण संपल्यावर सुनंदाच्या हातात दिले. "तुमी खा. मना बंद हाय." सुनंदानं चुलीवर भाजून, खोबरं-मिरची घालून चटणी केली. मी जेवलो. चव चांगली होती, हेही लिहून ठेवतो.

दिवसकार्य झाल्यावर मी गाडी सलीमभाईकडे नेली. त्यानं ती लगेच आत घेतली. पाटे काढले, ठोकळे काढले, जुने टायर चढवले, बुश बदलले, टपावरचा कॅरिअर उतरवला. मी टपरीवर चहा घेत बसून बघत होतो. जोहरची बांग व्हायच्या आधी गाडी तयार. तो हात पुसत म्हणाला, "बघा चालवून." मी चालवली. पुलावरच्या सांध्यावरून गाडी गेली तर नुसती मान डोलवल्यासारखी हलली. मी पुलाखाली गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसलो.

मग गंमत सुरू झाली. माझं डिझेल वाचायला लागलं हे बंदरावर कळलं. पोरं विचारायला यायला लागली. "काका, गाडी लय मारते, काय करू?" मी सांगतो. आधी हवा बघ, रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीची हवा ठेवू नको. पाट्यांमधली खारी माती धू आणि ग्रीस घाल, गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि सरकले नाहीत तर दणका गिळत नाहीत. टपावरचं सामान उतरव. ताडपत्री फडफडू देऊ नको, घट्ट बांध. चाकांची लाइन बघून घे. पाय हलका ठेव, ट्रेलरच्या मागे सारखा ब्रेक मारत जाऊ नको. आणि गाडी जेवढी लागते तेवढीच उंच ठेव. ती ऐकतात, त्यांचा फायदा होतो, दुसऱ्यांना पाठवतात. एकानं मला मिठाई आणून दिली. "ॲव्हरेजवाले काका" म्हणतात. कोणी विचारलं, तुम्हाला हे कधी सुचलं, की मी हसतो.

हल्ली आईला कामोठ्याला पिकअपमधूनच नेतो. ती क्रेट न लावता बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा सीटवर तळवा फिरवत म्हणाली, "आता बरी चालते. कवा केलीस?"

"डिझेल परवडत नव्हतं, आये."

"बरं केलंस."

यंदा तिची तब्येत उतरली आहे. हातातली ती थरथर मंद लागते. डॉक्टर म्हणतात जागा दमली आहे, दुसरीकडे करावी लागेल, आणि या वयात किती करायचं ते घरच्यांनी ठरवायचं. रेखाचा परवा फोन आला. तिच्या आईच्या वलांड्या अजून तीच लावते, म्हणाली, तुझ्या आईला घेऊन ये, एक दोरी ठेवलीय. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

या बुधवारी डायलिसिसहून परतताना कळंबोली सर्कलला अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, डाव्या अंगाला लोखंडाच्या गुंडाळ्या भरलेला ट्रक. उन्हानं पत्रा तापलेला. एक चाकभर सरकायला जागा नाही. गाडी बंद केली. आईचे डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर उताणा. मला वाटलं आता सांगावं. कुठे जाता येत नाही, तीही नाही, मीही नाही.

"आये."

"काय रं?"

"काही नाही. काच खाली करू?"

"कर."

काच खाली केली. गरम वारा आणि डिझेलचा धूर आत आला. बऱ्याच वेळानं ती डोळे न उघडताच म्हणाली, "तुना गाडीत कोन बोलला की कंटाला येतो. ल्हानपनापासून हाय तुझा. म्हनून मी बोलत नाय."

पुढचा ट्रेलर हलला नाही. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो. म्हणजे इतक्या फेऱ्या ती माझ्या शेजारी गप्प बसून आली ती थकव्यानं नाही. मला हवी असलेली शांतता आईला ठाऊक होती आणि ती शांतता ती मला देत होती. किती आधीपासून ठाऊक होती, हे विचारायला तोंड उघडलं नाही. त्या आगोटीला माझं उत्तर ऐकताना तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे मला माहीत नाही. मागचा हॉर्न वाजायला लागला तेव्हा मी गाडी सुरू केली.

हे छापून येईल तेव्हा ओळखीची माणसं वाचतील. आईला अक्षरओळख नाही. तिला कोणी वाचून दाखवणार नाही, आणि दाखवावं असंही मला वाटत नाही. ते माझ्याच तोंडून जायला हवं. जनीमावशीचं माझ्याकडे जे देणं आहे ते आता फिटण्यातलं नाही. आईचं आहे. गाडी अर्ध्या दिवसात खाली येत होती, मला माहीत होतं, आणि मला एकट्याला राहायचं होतं म्हणून मी तुला तुझ्या बहिणीकडे नेलं नाही, एवढं मला आईला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.